जुनी पेटी परस्पर विकताना दोष सांगायचा कुणी?

काळीपाच
पोराला क्लासला घातलं की पालक आधी जुनी पेटी, म्हणजे हार्मोनियम, शोधतात. सोलापुरात हे व्यवहार बहुतेक परस्पर होतात, ओळखीतून नाहीतर फोनवर फोटो पाहून. माझं मत स्पष्ट आहे. दोष सांगणं हे विकणाऱ्याचं काम आहे, आणि 'विचारलं असतं तर सांगितलं असतं' हे चालणार नाही. पालकांना सूर कळत नाहीत. वरचं पॉलिश आणि 'आजोबांची आहे, जर्मन सूर आहेत' (सूर म्हणजे आतली, हवेनं वाजणारी पितळी पाती) एवढ्यावर ते पैसे मोजतात. मग भाता गळका निघतो, मधल्या सप्तकातले सूर उशिरा बोलतात आणि पोरगं 'मला जमत नाही' म्हणून पेटी सोडतं. दोष वाद्याचा, ठपका मुलावर. मी शिकवते, हे डोळ्यांसमोर होतं, म्हणून राग येतो.

होटगीरोड
बाई, पटत नाही. विकणारे कितीतरी जण स्वतः वाजवणारे नसतातच. माळ्यावरची पेटी खाली काढली, भाता हलवला, आवाज आला, विकायला काढली. जे त्यालाच माहीत नाही ते तो सांगणार कसं? घेणाऱ्यानं जाणता माणूस सोबत न्यावा. सगळे स्टॉपर (हवा सोडायचे पुढचे खुंटे) उघडा, पट्टीला हात न लावता भाता मारा. एखादा सूर आपोआप वाजत राहिला तर आतली झडप नीट बसत नाही. मग स्टॉपर बंद करून भरलेला भाता किती वेळ तग धरतो ते बघा. शेवटी अगदी हलक्या हवेवर एकेक पट्टी दाबा, उशिरा बोलणारा सूर तिथंच सापडतो. एवढंही न करता पैसे द्यायचे आणि नंतर फसवलं म्हणायचं? शिवाय प्रामाणिकपणे दोष सांगितला की लोक निम्म्या किमतीला मागतात, त्याचं काय?

काळीपाच
ज्याला माहीत नाही त्याच्याबद्दल मी बोलतच नाही. माहीत असून गप्प बसणाऱ्याबद्दल बोलते. आणि सूर घासून घासून पातळ झालेत, हे तुमच्या तपासणीत कळणार नाही. सूर चढवायला टोकाकडे घासतात, उतरवायला बुडाकडे, आणि दर वेळी थोडं पितळ जातं. ते पेटी खोलूनच दिसतं. अनोळखी माणसाला घरात पेटी कोण खोलू देतो?

शाईपुडी
मी तबला-डग्ग्याची दुरुस्ती करतो. तुम्ही दोघं सगळे दोष एकाच मापानं मोजताय. पुडी (वरचं कातडं) फुटली, शाई (त्यावरचा काळा गोल) उडाली, वादी (ती ताणणारी कातडी पट्टी) सैल झाली, ही झीज आहे. पुडी कधीतरी बदलायचीच असते, तेवढे पैसे किमतीतून वजा करा आणि विषय संपवा. पण खोडाला, म्हणजे तबल्याच्या लाकडी अंगाला, चीर गेलीय, ती बुजवून वर पॉलिश मारलंय, तर ते मुद्दाम केलेलं काम. वादी आणि गठ्ठ्यांखाली (वादीत अडकवलेले लाकडी ठोकळे) ती दिसतसुद्धा नाही. तंबोऱ्याचंही तेच. त्याच्या बुडाचा भोपळा आपल्याच जिल्ह्यात पंढरपूरच्या बाजूला पिकतो, तंबोरा मिरजेत होतो (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं). भोपळ्याला तडा गेला तर सांधता येतो, आणि नीट सांधलेला तंबोरा पुढं छान वाजतो. पण सांधलाय हे सांगून विका. झिजेबद्दल गप्प बसलात तर चालेल, झाकलेल्याबद्दल नाही.

सातरस्ता_वकिली
शाईपुडी यांनी केलेला फरक कायद्यातही आहे. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १७: माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं ही फसवणूक, पण नुसतं गप्प राहणं सहसा फसवणूक नव्हे. उदाहरण कायद्यातच दिलंय, घोड्याचं. घोडा अधू आहे हे विकणाऱ्याला ठाऊक आहे, लिलावात तो काहीच बोलत नाही, तर ती फसवणूक नाही. मात्र घेणारा म्हणाला, 'तुम्ही नाकारलं नाही तर घोडा धडधाकट आहे असं मी समजेन', आणि विकणारा तरीही गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच धरतात. म्हणून पैसे देण्याआधी व्हॉट्सॲपवर लिहा: 'भाता, सूर, पट्ट्या ठीक आहेत असं समजून येतोय, काही असेल तर आत्ता सांगा.'
कलम १९ मात्र होटगीरोड यांच्या बाजूनं जातं. गप्प राहण्यातून झालेली फसवणूक साध्या तपासणीत कळण्यासारखी असेल, तर करार रद्द करता येत नाही. ग्राहक आयोगाचाही उपयोग नाही, कारण घरचं वाद्य विकणारा व्यापारी नसतो.

फेडरवर
मी साउंडवाला, होटगीरोड यांच्याशी सहमत. लग्नसराई संपली की मिक्सर आणि स्पीकर विकायला निघतात. ते किती तापलेत, किती आदळलेत, हे मालकालाही धड सांगता येत नाही, कारण चालवणारी पोरं वेगळी. स्पीकर दोन मिनिटं वाजवून घेऊ नका, मोठ्या आवाजात बराच वेळ चालवा. तापून बंद पडणारा ॲम्प्लिफायर मे महिन्यात इथं लगेच उघडा पडतो. मिक्सरचा प्रत्येक चॅनेल, प्रत्येक फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी), माइकला जाणारा ४८ व्होल्टचा पुरवठा, सगळं बघा. बिलावरचा सिरीयल नंबर जुळवा. माल चोरीचा निघाला तर मालही जातो, पैसेही अडकतात.
विकणाऱ्यांनाही सांगतो, पैसे मिळवायला यूपीआय पिन लागत नाही. 'कोड स्कॅन करा, पैसे येतील' असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

काळीपाच
स्पीकरचं मान्य. पण तिथं दोन्हीकडं जाणकार असतात, पेटीच्या व्यवहारात एका बाजूला पहिलीतल्या पोराची आई असते. तिला कलम १९ दाखवणार का? माझी मागणी साधी आहे. अनामत घ्या आणि पेटी कारागिराकडं खोलून बघू द्या.

होटगीरोड
कारागिराकडं चालेल. घेणाऱ्याच्या घरी ठेवणार नाही, तिथं उंदरानं भाता कुरतडला तर भरून कोण देणार? आणि खोलताना मी समोर असणार, मजुरी घेणाऱ्याची.

काळीपाच
मजुरी निम्मी-निम्मी. पेटी चांगली निघाली तर तुम्हालाच पूर्ण किंमत मिळते की.

होटगीरोड
नाही. तपासणी ज्याला हवी, मजुरी त्याची.