मदत हवी आहे : वेळेआधी जन्मलेल्या नातीची मालिश

माझ्या मुलीची प्रसूती तेहेतिसाव्या आठवड्यातच झाली; जन्मतः १६५० ग्रॅम वजनाची नात आता दोन किलोंची होऊन घरी आली आहे. रुग्णालयात तिला कांगारू पद्धतीने, म्हणजे केवळ लंगोट आणि टोपी घालून आईच्या उघड्या छातीशी, ठेवत असत. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झालेली ही पद्धत जागतिक आरोग्य संघटना अशा बाळांसाठी दिवसाला ८ ते २४ तास सुचवते, आणि आम्ही ती घरीही चालू ठेवली आहे.

अडचण मालिशीची आहे. आमच्याकडे येणाऱ्या मावशींनी दोन पिढ्यांची बाळे न्हाऊमाखू घातली आहेत. परंतु पायांवर आडवे घेऊन हातपाय ताणणे, नाकाकानात तेल सोडणे आणि वर धुरी, हे एवढ्याशा जिवाला सोसेल असे मला वाटत नाही. (माझ्या मुलीचे मीही हे सारे करवून घेतले होते, हे कबूल करते.) काल पाठीवर हात जोरात फिरताच नातीने बोटे ताणून पसरली, अंग ताठ केले आणि तोंड फिरवले, तेव्हा मी मावशींना थांबवले.

अशा बाळाला हलकी मालिश कधीपासून व किती वेळ करावी, खोबरेल तेल चालेल का, आणि मावशींना न दुखावता हे कसे सांगावे? पुण्यात आईलाच मालिश शिकवणारे फिजिओथेरपिस्ट कोणास ठाऊक असल्यास कृपया कळवावे.