अनुभव धागा : बायोटेक केलं, पण हात कधी बसला?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या बायोटेकवाल्यांसाठी हा धागा. माझं स्वतःचं बीएस्सी, एमएस्सी जळगावातच झालं. बीएस्सीला एका मायक्रोपिपेटभोवती (थेंबाहूनही कमी द्रव मोजून उचलणारं, बटण दाबायचं साधन) आम्ही आठ जण उभे. एक जण दाबणार, सात जण वहीत उतरवणार. एमएस्सीच्या प्रोजेक्टला पहिल्यांदा जेलच्या विहिरीत (अगारोजच्या थरातल्या छोट्या खाचेत) डीएनए भरायला बसले तेव्हा हात असा थरथरला की टोक खालच्या अगारोजमधून आरपार गेलं. मार्क न् पॅकेज सोडून लिहा. काय शिकलात, कुठल्या लॅबमध्ये काम केलंत आणि हात बसला तो दिवस कोणता?

सावदेकरीण
आमच्याकडे केळी, त्यामुळे बायोटेक म्हणजे टिश्यू कल्चर एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. आप्पांची समजूत अशी की मी बाटलीत केळीचं झाड उगवायला शिकतेय. फार चूक नव्हती म्हणा.

बीएस्सी झाल्यावर एका टिश्यू कल्चर लॅबमध्ये लागले. मुनव्याचा (केळीच्या बुडाशी फुटणाऱ्या पिलाचा) कंद सोलत सोलत आतला पांढरा कोंब काढायचा, निर्जंतुक करायचा आणि एमएस मीडियावर (रोप वाढवायच्या पोषक द्रावणाच्या जेलीवर) ठेवायचा. परीक्षेत एमएस म्हणजे मुराशिगे आणि स्कूग, १९६२, असं लिहून मार्क मिळवले होते. लॅमिनारसमोर (गाळलेल्या स्वच्छ हवेच्या टेबलासमोर) त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. पहिल्या आठवड्यात माझ्या ४० बाटल्यांपैकी ३१ बाटल्यांत बुरशी. शेजारी बसणाऱ्या ताई दहावी शिकलेल्या, त्यांच्या सगळ्या बाटल्या स्वच्छ. माझी बाटली उजेडात धरून त्या म्हणाल्या, "बुरशी काचेच्या कडेला आहे ना? मग ती तुझ्या हातातून गेली. कोंबाच्या बुडाशी दुधासारखं पांढरं दिसलं तर ते झाडातूनच आलेलं असतं." पुढे पुस्तकात शोधलं तर तेच निघालं, फक्त चार पानं जास्त. मी चिमटा तापवून तो गार होईपर्यंत तोंडाशी धरून बोलत होते, हे त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. सांगितलं आठवड्याने!

हात बसायला तीन महिने लागले. मग मातृवृक्षांच्या (ज्यांच्यापासून रोपं करायची त्या झाडांच्या) तपासणीला गेले. पानाचा तुकडा वाटायचा आणि एलायझा (विषाणूचं प्रथिन शोधणारी) आणि पीसीआर (जनुकीय अंश कित्येक पट वाढवून शोधणारी) चाचणी लावून कुकुंबर मोझॅक व्हायरस हा केळीवरचा विषाणू आहे का ते बघायचं. एक गोष्ट शेतकऱ्यांना सांगून सांगून थकले. तपासलेलं रोप म्हणजे रोग नसलेलं रोप, रोग न होणारं नव्हे. शेतात लावल्यावर मावा विषाणू आणणारच, आणि तो आणणार बांधावरच्या काकडी-भोपळ्यावरून. आमच्याच मृगबागेच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीच्या) बांधावर काकडीचे वेल होते. पानांवर पिवळे पट्टे दिसले तेव्हा आप्पा म्हणाले, "तुमच्या लॅबनेच रोगट रोपं दिली." त्या लॅबमध्ये त्यांची लेकच होती.

नंदुरबारचा
बायोटेकमध्ये एमएस्सी. प्रोजेक्ट सिकल सेलवर (रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार), अक्कलकुवा-धडगावच्या पट्ट्यात. वर्गात फळ्यावर एवढंच होतं : बीटा ग्लोबिनच्या (हिमोग्लोबिनच्या एका भागाच्या) जीनमध्ये एक अक्षर बदलतं, जीएजीचं जीटीजी होतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येतं. आश्रमशाळेच्या व्हरांड्यात हे फार सोपं वाटत नाही. सोल्युबिलिटी चाचणीत रक्ताचा थेंब द्रावणात टाकायचा आणि नळीमागच्या कागदावरच्या रेघा दिसतात का बघायचं. गढूळ झालं, रेघा दिसेनाशा झाल्या, तर सिकल हिमोग्लोबिन आहे. पण तो माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे ती चाचणी सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासण्या) लागतंच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर ती फसवते, कारण त्याच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं.

हात बसला म्हणण्यापेक्षा अक्कल आली म्हणतो. मार्करने नळ्यांवर नुसती नावं लिहिली होती. स्पिरिटचा बोळा लागला आणि दोन पुसली गेली. आडनाव पाडवी, गाव एकच, वय जवळपास तेच. दोघांनाही पुन्हा बोलवून सुई टोचावी लागली. त्यातल्या एकाची आई काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. तेव्हापासून आधी नंबर, मग रक्त.

धुळेकर
२०२०, कोरोनाच्या आरटी-पीसीआर चाचण्या. ९४ नमुने, दोन कंट्रोल. रात्री दोन वाजता निगेटिव्ह कंट्रोलला, म्हणजे विषाणू नसलेल्या नळीला, पॉझिटिव्हसारखा कर्व्ह आला. सगळी प्लेट परत. मे महिना, पीपीई किट, आत घामाच्या धारा. पाण्याची एकच बाटली सगळ्या प्लेटला वापरत होतो, तीच बाटली खराब झाली होती. आता पाण्याचे लहान लहान भाग करून ठेवतो आणि उघडलेला परत ठेवत नाही. बाकी काय लिहू, त्या वर्षाचं फार आठवत नाही.

अमळनेरचा, आता बँकेत
मी हात बसायच्या आधीच उठलो. कॉलेजचं नाव घेत नाही. पीसीआर मशीन होतं, प्लास्टिकच्या कव्हरात, तपासणीची समिती आली की कव्हर निघायचं. आम्ही प्रायमर (डीएनएची नक्कल सुरू करणारा छोटा तुकडा), ९४ अंश, ७२ अंश ही तापमानं सगळं पाठ केलं आणि त्याचा आलेख छान काढला. गावात आजी सगळ्यांसमोर विचारायची, "आते तू डाक्टर व्हशी का?" तिला काय सांगणार? तीन वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या. राग डिग्रीवर नाही. सावदेकरीण ताईंचं वाचून वाटलं, त्या दहावीवाल्या ताईंसारखं कोणीतरी शेजारी बसायला हवं होतं.

जळगावकरीण (धागाकर्ती)
अमळनेरच्या भाऊंना : आमच्याकडे मशीन चालू होतं, पण रिएजंट (त्यात घालायची रसायनं) दिवाळीनंतर येणार होते. कुठल्या दिवाळीनंतर ते सांगितलं नव्हतं.

सावदेकरीण, पुढे काय झालं? काकडी काढली का?

सावदेकरीण
काढली. आप्पांनी स्वतः उपटली, मला न सांगता. भोपळा अजून आहे, तो आजीने लावलाय.