मदत हवी आहे: मेल सर्व्हर एक्झिम अपडेट केल्यापासून एकही मेल आत पडत नाही (अर्जंट!!)

वैतागवाडी | रविवार, ३ ऑक्टोबर २०२१, सकाळी ७:५२

परवा रात्री सर्व्हर अपडेट केला तेव्हापासून मेल येत नाहीत. बाहेर जातात, आत येत नाहीत. रीस्टार्ट तीनदा करून झालं. ऑडिटवाल्यांनी "प्रिव्हिलेज एस्कलेशन, क्रिटिकल" (म्हणजे साधा युझर मशीनचा मालक होऊ शकतो) असं लाल रंगात लिहून दिलं म्हणून अपडेट केलं, नाहीतर मी आल्यापासून त्या मशीनला हात लावला नव्हता. जुनं व्हर्जन परत कसं टाकायचं एवढंच सांगा. उद्या दहाला प्राचार्य येतात. "गूगल करा" म्हणू नका, रात्रभर तेच केलंय.

शेंगदाणे | सकाळी ८:०५

ओएस कोणती? आधी कोणतं व्हर्जन होतं, आता कोणतं? लॉगमध्ये काय दिसतंय? "येत नाहीत" म्हणजे पाठवणाऱ्याला बाऊन्स जातोय, की क्यूमध्ये पडून आहेत?

हुप्प्या | सकाळी ८:११

कॉलेज आहे ना? शैक्षणिक संस्थांना गूगल फुकट देतं. एमएक्स (मेल कुठे पाठवायचा ती डोमेनची नोंद) बदला, दोन तासांत मोकळे व्हा. २०२१ मध्ये स्वतःचा मेल सर्व्हर चालवणं म्हणजे घरी दळायला जातं ठेवण्यासारखं.

वैतागवाडी | सकाळी ८:२०

ओएस लिनक्स.

@हुप्प्या, तो निर्णय संस्थाचालकांचा. माझा पगार जातं फिरवण्याचाच आहे.

शेंगदाणे | सकाळी ८:२४

लिनक्स आहे हे मी धरलंच होतं हो. कोणतं?

एकतारी | सकाळी ८:४०

एक्झिम काढा, पोस्टफिक्स टाका. एक्झिम म्हणजे एकच अगडबंब सेटयूआयडी रूट बायनरी. २५ नंबरचं पोर्ट धरायला रूट (मशीनचा सर्वाधिकारी युझर), युझरच्या मेलबॉक्समध्ये लिहायला रूट. म्हणजे मशीनवरचा कुणीही सोम्यागोम्या ती चालवू शकतो आणि ती सुरू होते रूट म्हणून. कुठेही चूक राहिली की थेट मालकी. पोस्टफिक्समध्ये कामं वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये वाटलेली आहेत, सेटयूआयडी रूट त्यात काहीच नाही. मी १२ वर्षं वापरतोय, शांत झोपतो.

वैतागवाडी | सकाळी ९:०२

डेबियन. १० होतं, ११ केलं. एक्झिम ४.९२ चं ४.९४.२ झालं. लॉगमधली ओळ (इथला एडिटर रोमन खातो, देवनागरीत लिहितोय):

टेंटेड 'व्हार/व्हीमेल/…/ऑफिस' (फाइल ऑर डिरेक्टरी नेम फॉर व्हर्च्युअल_डिलिव्हरी ट्रान्सपोर्ट) नॉट परमिटेड

प्रत्येक मेलला हीच ओळ. परमिशन असेल म्हणून ७७७ (सगळ्यांना सगळं खुलं) करून पाहिलं, फरक नाही.

शेंगदाणे | सकाळी ९:०६

ते ७७७ आधी मागे घ्या!!! आत्ता! प्राचार्यांचा मेल शिपायाचा स्क्रिप्ट पण वाचेल.

आणि "अपडेट" म्हणताय ते अपडेट नाही. तुम्ही अख्खी डेबियन बदललीत. ही गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये हवी होती.

उत्तररात्र | सकाळी ९:३०

इकडे न्यू जर्सीत रात्रीचे बारा वाजलेत, तरी लिहितो, कारण हा रोग ओळखीचा आहे.

परमिशनशी याचा संबंध नाही. ४.९४ पासून एक्झिम बाहेरून आलेल्या प्रत्येक शब्दाला "डागी" समजतं. पाठवणारा, घेणारा, डोमेन, सगळं. तुमच्या कॉन्फिगमध्ये मेलबॉक्सचा पत्ता डॉलर-डोमेन आणि डॉलर-लोकल_पार्ट जोडून बनवलेला असणार. म्हणजे बाहेरचा माणूस जे नाव सांगेल त्या नावाची फाइल उघडायची. नवं एक्झिम म्हणतं, नाही उघडणार.

सोसायटीचा वॉचमन आठवा. आलेला म्हणाला "मी ४०२ वाल्यांचा भाचा", तर त्याच्या तोंडच्या नावावर सोडत नाहीत. रजिस्टरमध्ये नाव शोधायचं आणि पुढे रजिस्टरमधलंच नाव वापरायचं. कॉन्फिगमध्ये तेच करायचं: राउटरमध्ये (मेल कुठे जायचा ते ठरवणारा भाग) डीसर्च लुकअप लावून त्या नावाची डिरेक्टरी खरंच आहे का ते पाहायचं, आणि ट्रान्सपोर्टमध्ये (मेल प्रत्यक्ष टाकणारा भाग) डॉलर-डोमेन_डेटा, डॉलर-लोकल_पार्ट_डेटा वापरायचं. हे "_डेटा" वालं नाव तुमच्या डिस्कवरून आलेलं असतं, पाठवणाऱ्याकडून नाही.

हे उगाच केलेलं नाही. जून २०१९ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीने सीव्हीई-२०१९-१०१४९ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेच्या भोकाचा क्रमांक) जाहीर केलं, एक्झिम ४.८७ ते ४.९१. घेणाऱ्याच्या पत्त्यातच कमांड लिहिली, की एक्झिम ती उलगडून रूट म्हणून चालवायचं. मशीनवर आधीच बसलेल्याला क्षणात रूट. बाहेरून, डिफॉल्ट कॉन्फिगवर, कनेक्शन ७ दिवस उघडं ठेवावं लागे, दर काही मिनिटांनी एक एक बाइट पाठवत. ते भोक ४.९२ मध्ये फेब्रुवारीतच बुजलं होतं, पण सुरक्षेचं भोक म्हणून तेव्हा कुणी ओळखलं नव्हतं, त्यामुळे स्थिर वितरणांत दुरुस्ती गेलीच नव्हती. पुढे मे २०२० मध्ये अमेरिकेच्या एनएसएने जाहीर सांगितलं की रशियन लष्करी हॅकर हेच वापरताहेत.

वैतागवाडी | सकाळी ९:४१

काका, माहिती छान आहे पण मला दहा वाजायच्या आत (उद्या) मेल हवेत. आणि एक कळत नाही. ऑडिटमध्ये बहुतेक ठिकाणी "लोकल" लिहिलंय. आमच्या सर्व्हरवर शेल मला एकट्याला. मग लोकल भोक असलं तर काय बिघडतं? जुनंच व्हर्जन टाकतो ना.

शेंगदाणे | सकाळी ९:५५

त्याच मशीनवर वेबमेल आहे का? कॉलेजची वेबसाइट?

वैतागवाडी | सकाळी ९:५८

हो, दोन्ही. वेबसाइट विद्यार्थ्यांनी २०१६ मध्ये पीएचपीत केलेली.

शेंगदाणे | सकाळी १०:१०

झालं मग. "शेल मला एकट्याला" हे तुमच्या बाजूने खरं आहे. पण त्या २०१६ च्या पीएचपीतून कुणी फाइल अपलोड केली, की तो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा (वेबसाइट चालवणारा युझर) नावाने आत बसला. तो आता लोकल. त्या युझरला एरवी फार काही करता येत नाही, पण सेटयूआयडी एक्झिम त्यालाही चालवता येतं. तिथून रूट.

२०१० मध्ये हेच जोडीने झालं होतं. एका भोकातून बाहेरचा माणूस एक्झिम युझर झाला (सीव्हीई-२०१०-४३४४). दुसरं भोक, ४३४५, निव्वळ लोकल: एक्झिम युझरला स्वतःची कॉन्फिग फाइल देऊन बायनरी रूट म्हणून चालवता यायची. वेगवेगळी वाचली तर दोन्ही मध्यम वाटतील. एकामागे एक लावली की सर्व्हर गेला.

एकतारी | सकाळी १०:१८

म्हणूनच म्हणतो पोस्टफिक्स.

उत्तररात्र | सकाळी १०:२९

२००८ मध्ये पोस्टफिक्समध्येही लोकल रूट सापडलं होतं, सीव्हीई-२००८-२९३६. सिमलिंकला (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) हार्डलिंक (दुसरं नाव) करून स्पूलमध्ये ठेवायची, आणि मेल भलत्याच फाइलला जोडला जायचा. क्यूमेल या तिसऱ्या मेल सर्व्हरची भोकं २००५ मध्ये दाखवली तर लेखक म्हणाले व्यवहारात शक्यच नाही. २०२० मध्ये क्वालिसने डेबियनवर करून दाखवलं. रचना पोस्टफिक्सचीच उजवी, मान्य. पण रविवारी सकाळी, क्यू तुंबलेली असताना, ज्याने आयुष्यात पोस्टफिक्सची मेन.सीएफ उघडलेली नाही त्याला मेल सर्व्हरच बदलायला सांगणं हा सल्ला नाही, सूड आहे.

एकतारी | सकाळी १०:३३

मी कुणावर सूड उगवत नाहीये. मुळावर घाव घालायला सांगतोय.

चिंचगूळ | सकाळी १०:५०

माझ्या आउटलुकची पीएसटी फाइल ५० जीबी झाली आहे, उघडत नाही. याचा यात संबंध असेल का?

खवचटराव | सकाळी ११:०४

नाही.

@वैतागवाडी, ऑडिटरने व्हर्जन कुठून वाचलं? २५ पोर्टवर टेलनेट केलं की पहिल्याच ओळीत "एक्झिम ४.९२" येतं. स्कॅनर तेवढंच वाचतो आणि म्हणतो, ४.९४.२ पेक्षा लहान म्हणजे क्रिटिकल. डेबियन व्हर्जन बदलत नाही, जुन्यातच दुरुस्ती भरते. ४ मे २०२१ ला एक्झिमची २१ भोकं बाहेर आली, "२१नेल्स". ११ लोकल, १० बाहेरून. बरीचशी २००४ पासूनची. एका प्रकारात तर नुसत्या लॉगच्या डिरेक्टरीतून: डिरेक्टरी एक्झिम युझरच्या मालकीची, तिच्यात लिहितो रूट, मग लॉगच्या जागी लिंक ठेवली की रूट दुसऱ्याच फाइलवर लिहून मोकळा. डेबियन १० मध्ये यांची दुरुस्ती ४.९२-८+डेब१०यू६ मध्ये आली. डीपीकेजीचा (कोणतं पॅकेज कधी बसलं त्याची नोंद) मे महिन्याचा लॉग बघा, आता तो .५.जीझेड झाला असेल. झेडग्रेप करा (दाबलेल्या फाइलीतही शोधतं).

वैतागवाडी | सकाळी ११:२६

केलं. ५ मे, पहाटे ६:१४, अपग्रेड एक्झिम४-डेमन-हेवी … ४.९२-८+डेब१०यू६.

मी केलेलं नाही हे.

खवचटराव | सकाळी ११:२८

आपोआप अपडेट करणाऱ्या अनअटेंडेड-अपग्रेड्सने केलं. तुमच्या आधीच्या माणसाने चालू ठेवलं असेल. तुम्ही झोपेत असताना पाच महिन्यांपूर्वीच सर्व्हर दुरुस्त झाला होता. शुक्रवारी जे केलंत ते बॅनरसाठी, म्हणजे टेलनेटच्या त्या पहिल्या ओळीसाठी केलंत.

वैतागवाडी | सकाळी ११:३१

...

शेंगदाणे | सकाळी ११:३५

असू दे, डेबियन १० कधीतरी सोडायचीच होती. आता मागे जाऊ नका, डेबियनमध्ये अख्खी आवृत्ती उतरवायची सोय नाही, अर्धं ११ अर्धं १० अशी खिचडी होईल.

तात्पुरता उपाय: डेबियन ११ च्या एक्झिममध्ये एक पर्याय आहे, अलाउ_इनसिक्युअर_टेंटेड_डेटा = येस. एररच्या जागी नुसता इशारा लॉगमध्ये पडतो, मेल आत जातो. एक्झिम४.कॉन्फ.लोकलमॅक्रोज मध्ये टाका.

वैतागवाडी | दुपारी १२:१०

टाकलं, रीस्टार्ट केलं. काहीही फरक नाही. तीच ओळ.

शेंगदाणे | दुपारी १२:१४

अंडरस्कोर नीट दिलेत ना?

वैतागवाडी | दुपारी १२:१५

दिलेत.

उत्तररात्र | दुपारी १२:३२

एक्झिम४ -बीव्ही चालवा (बी छोटा, व्ही मोठा). शेवटच्या ओळीत कोणती कॉन्फिगरेशन फाइल वाचतोय ते येतं. ती ओळ द्या.

वैतागवाडी | दुपारी १२:४०

ईटीसी/एक्झिम४/एक्झिम४.कॉन्फ. त्यात वर कॉमेंट आहे: "हाताने लिहिली आहे, डेबकॉन्फ वापरू नका, २०१४".

उत्तररात्र | दुपारी १२:५१

हेच विचारायचं राहिलं आपल्या सगळ्यांचं. ती फाइल असली की डेबियन स्वतःचं सगळं बाजूला ठेवतं, लोकलमॅक्रोज कुणी वाचतच नाही. तो पर्याय थेट या फाइलमध्ये टाका, पहिल्या "बिगिन" च्या वर. आणि सातवर्षांपूर्वीच्या त्या माणसाला शिव्या देऊ नका, कॉमेंट तरी लिहून गेलाय.

घाबरू नका, मेल हरवलेले नाहीत. डिफॉल्ट रिट्राय नियम ४ दिवसांचा असतो. शुक्रवारी रात्री अडकलेला मेल मंगळवार रात्रीपर्यंत क्यूत राहील, मग बाऊन्स. तुमच्या फाइलीत तो नियम वेगळा असेल तर मात्र आधीच. "बिगिन रिट्राय" खाली पाहा.

वैतागवाडी | दुपारी १:२२

आलेऽऽऽ!

४ दिवसच आहेत. -बीपीसी ने क्यूत १,३४७ मेल दाखवले, -क्यूएफ दिल्यावर भराभर उतरले, आता ११ उरलेत. गंमत म्हणजे त्या १,३४७ मध्ये मलाच आलेला रोजचा मेल पण होता, "तुमचा पॅनिकलॉग (गंभीर चुकांची नोंद) रिकामा नाही". ज्या बिघाडाची खबर होती त्याच बिघाडात अडकून बसला होता.

शेंगदाणे, काका, खवचटराव, तिघांचे आभार. ७७७ पण काढलं.

एकतारी | दुपारी १:४०

तो पर्याय लावून तुम्ही ४.९४ चं सगळं संरक्षण बंद केलंत हे कुणी सांगणार आहे का यांना?

शेंगदाणे | दुपारी १:४६

सगळं नाही. २१नेल्सच्या दुरुस्त्या कोडमध्ये आहेत, त्या कुठे जात नाहीत. डागी डेटाची राखण फक्त सैल होते. पण एकतारींचा मुद्दा बरोबर, पुढच्या आवृत्तीत हा पर्याय काढून टाकणार असं एक्झिमवाल्यांनी आणतानाच लिहिलंय. लॉगमध्ये जेवढे इशारे पडतील तेवढ्या जागा दुरुस्त करायच्या.

वैतागवाडी | दुपारी १:५८

४२ इशारे आहेत. बहुतेक एकाच ट्रान्सपोर्टचे. एक एलियसच्या लुकअपचा, त्यातही फाइलच्या पत्त्यात डोमेन आहे.

खवचटराव | दुपारी २:०३

म्हणजे दोनच जागा. अर्ध्या तासाचं काम. कधी करताय?

वैतागवाडी | दुपारी २:०५

आत्ता जेवतो. दिवाळीच्या सुट्टीत निवांत करतो.

खवचटराव | दुपारी २:०६

कोणत्या वर्षीच्या?