कुकरची पांढरी रिंग: वास का धरते?

पंचवटीकर:
नमस्कार. रविवार कारंज्याजवळच्या एका दुकानातून मी कुकरसाठी नेहमीच्या काळ्या रिंगेऐवजी महागडी पांढरट रिंग घेतली. ‘सिलिकॉनची आहे, कधीच कडक होणार नाही,’ असे दुकानदार म्हणाले. आठ महिन्यांत ती कडक झाली नाही हे खरे. परंतु मिसळीसाठी मटकी लसूण-मसाल्यासह कुकरातच शिजवू लागल्यापासून तिचा वास जात नाही आणि आता तो खिरीलाही लागतो. माल भेसळीचा असेल का?

अंबडचा साचेवाला:
मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत रबरी सील बनवतो. केवळ वासावरून भेसळ ठरत नाही. (सिलिकॉन हे मूलद्रव्य, त्यापासूनचे रबर सिलिकोन, दुकानात मात्र दोन्हींना एकच नाव चालते.) साध्या रबराच्या साखळीचा कणा कार्बनचा असतो, तर सिलिकोनमध्ये सिलिकॉन आणि ऑक्सिजन आळीपाळीने गुंफलेले असतात. हा बंध अधिक बळकट असल्यामुळे ते उणे 50 पासून सुमारे 200 अंश सेल्सिअसपर्यंत लवचीक राहते. कुकरातले 120 अंश त्याला जड नाहीत. पण त्याच्या साखळ्या एकमेकींना सैलच धरून असतात, त्यामुळे वासाचे रेणू आणि तेल आत सहज शिरतात. रिंग पाण्यात उकळून दोन दिवस उघड्यावर ठेवावी. वास कमी होईल, पूर्ण जाईलच असे नाही. आमच्या घरी गोडासाठी वेगळी रिंग आहे.

‘कधीच’ या शब्दावर मात्र विसंबू नये. सतत दाबाखालच्या वाफेने सिलिकोनही खराब होते, शिवाय फाटण्याच्या बाबतीत ते नाजूकच: झाकणाच्या धारेने नखाएवढी चीर पडली, की रिंग बसवताना ताणताच ती तिथून पुढे फाटत जाते.

सातपूरवासी:
रिंग पिळल्यावर पांढरी रेघ उमटली तर भेसळ, असे सांगतात. पण रिंगच पांढरी असेल तर रेघ दिसणार कशी? त्यापेक्षा जुन्या रिंगेचा बारीक तुकडा घराबाहेर, चिमट्यात धरून जाळावा. सिलिकोनची पांढरी राख उरते. साधे रबर काजळीचा काळा धूर सोडते.

एक सावधगिरी: मी स्कूटरला पेट्रोलची नळी म्हणून सिलिकोनची पारदर्शक नळी बसवली होती. ती आठवड्यात फुगून तोंडाशी सैल झाली. तिथे काळे नायट्राइल रबरच हवे.

पंचवटीकर:
आभारी आहे. आजच खिरीसाठी दुसरी रिंग आणतो.