जेड एम्पायर: स्लो मोशन लावून तलवारच फिरवायची, तर कुंग फूचा गेम घेतलाच कशाला?

गदाधर_पीसीवाला

सेल लागला की हा गेम मातीमोल भावात मिळतो. मग कोणीतरी नवा खेळाडू येऊन विचारतो, "सगळ्यात भारी स्टाईल कुठली?" आणि दरवेळी तेच उत्तर मिळतं: सगळे पॉइंट फोकसला, हातात तलवार, वेळ मंद, विषय संपला. या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बायोवेअरचा हा गेम २००५ मध्ये एक्सबॉक्सवर आला आणि २००७ मध्ये स्पेशल एडिशन म्हणून पीसीवर. जुन्या चीनच्या धर्तीवरचं काल्पनिक साम्राज्य, टू रिव्हर्स नावाचं गाव, तिथली मास्टर लीची शाळा आणि तिथला सगळ्यात हुशार विद्यार्थी म्हणजे आपण. बॉडी, स्पिरिट आणि माइंड असे तीन गुण. बॉडीवर हेल्थ, स्पिरिटवर 'ची' (अंगातली आंतरिक शक्ती), माइंडवर फोकस. फोकस खर्च करून वेळ मंद करता येते, आणि शस्त्राचे फटकेही फोकसच खातात.

मारामारीचा पाया साधा आहे. साधा फटका ब्लॉकवर आदळून वाया जातो. पॉवर अटॅक ब्लॉक फोडतो, पण तो उगारायला वेळ लागतो आणि तेवढ्यात समोरच्याने साधा फटका मारला तर आपलाच मोडतो. चहूबाजूंनी घेरलं तर दोन्ही बटणं एकदम दाबून गोल फटका, म्हणजे सगळे मागे फेकले जातात. ब्लॉकचं बटण आणि दिशा दाबली की उडी. समोरच्या दिशेने मारली तर थेट शत्रूच्या डोक्यावरून त्याच्या पाठीमागे.

आता बघा, समोरचा ब्लॉक करतोय की उगारतोय हे ओळखून उत्तर देणं, हाच तर सगळा खेळ. वेळ मंद केली की ओळखायचं काही उरतच नाही. समोरचा हात वर नेतोय तोवर तुम्ही पाच वार करून मोकळे. थाउजंड कट्सचा वेग, व्हाइट डेमनचा संथ पण हाड मोडणारा फटका, लीपिंग टायगरची लांबून झेप, हे स्टाईल-स्टाईलमधले सगळे फरक त्या मंद वेळेत एकाच मापाचे होऊन जातात.

माझं म्हणणं: अडचण ग्रँड मास्टर या अवघड पातळीवर ठेवा, फोकस मोडला हात लावू नका, आणि मग सांगा गेम कसा आहे.

रात्रपाळी

कैच्या कै. मला दिवसभरात मोकळा मिळतो एक तास, तोही सगळे झोपल्यावर. त्यात मी व्रतवैकल्यं करत बसू?

आणि तुमचा तो साधा फटका-ब्लॉक-पॉवर अटॅकचा त्रिकोण एकास एक असताना छान. पाच जण अंगावर आले की पॉवर अटॅक उगारून दाखवाच. एकाचा ब्लॉक फोडेपर्यंत बाकी चौघे पाठीत घालतात. मग फोकस न वापरणारे तुमच्यासारखे लोक काय करतात तेही सांगतो. कोलांटी, मागून तीन फटके, परत कोलांटी, परत तीन फटके. अख्खा गेम याच्यावर निघतो. मी वेळ मंद करतो ते चीटिंग, आणि तुम्ही माकडासारख्या उड्या मारता ती साधना?

गदाधर_पीसीवाला

कोलांटी एकट्या शत्रूवर चालते. त्याच्या मागे दुसरा उभा असेल तर तुम्ही थेट त्याच्या पुढ्यात उतरता. म्हणून तर आधी कोपरा धरायचा, लक्ष्य बदलत राहायचं, कोण कुठे उभा आहे ते बघायचं. यालाच मी खेळणं म्हणतो.

आमसुली

दोघेही एकाच गोष्टीला वळसा घालून चालला आहात. घोळक्यासाठी गेमने स्वतःच उत्तर दिलंय, हार्मोनिक कॉम्बो. ते कोणी वापरत नाही, कारण त्यात स्टाईल बदलावी लागते आणि मंडळींना एकच बटण बडवायचं असतं.

पद्धत अशी. हेवनली वेव्हसारखी सपोर्ट स्टाईल लावा. या स्टाईल जीव घ्यायला नसतातच. हेवनली वेव्ह शत्रूला सुस्त करते, पॅरालायझिंग पाम जागीच खिळवते, हिडन फिस्टने तो भांबावतो. आपण बहुतेक जण साधे फटके मारून, तो सुस्त झाला की लगेच तलवार काढतो. त्याऐवजी सपोर्टचाच पॉवर अटॅक लागू द्या, मग झटक्यात लीपिंग टायगर किंवा लेजंडरी स्ट्राइकवर या आणि तिचा पॉवर अटॅक घाला. साधा शत्रू तिथल्या तिथे फुटतो आणि मागे हेल्थ, ची किंवा फोकसचा गोळा पडतो.

म्हणजे पाचातला एक कमी झाला, वर आपली झोळी भरली. सुस्त झालेला उगारलेल्या हाताला मोडता घालू शकत नाही, त्यामुळे रात्रपाळींची पॉवर अटॅकची तक्रारही मिटते. फोकस मोड अजिबात न लावता घोळका साफ होतो. पण यासाठी सपोर्ट स्टाईलमध्ये थोडे पॉइंट घालावे लागतात, आणि तिथे सगळ्यांचा हात आखडतो, कारण मेनूमध्ये तिच्यापुढे मोठा डॅमेज दिसत नाही.

रात्रपाळी

@आमसुली, हे मान्य, आज करून बघतो. पण प्रत्येक शत्रूमागे दोन वेळा स्टाईल बदलायची म्हणजे बोटांचे हाल.

वीतभर_वायर

हाल पॅडवाल्यांचे, म्हणजे कंट्रोलर घेऊन खेळणाऱ्यांचे. एक्सबॉक्सवर डी-पॅडच्या चार दिशांना चारच स्टाईल बसतात. एक मार्शल, एक सपोर्ट, एक शस्त्र, एक जादू, संपली जागा. भूत समोर आलं आणि शस्त्र हातात असलं की गेम थांबवून मेनूत जा. (भुतांना शस्त्र लागतच नाही. नवे खेळाडू दहा मिनिटं हवेत काठी फिरवतात आणि मग गेम बिघडलाय म्हणून ओरडतात.) कीबोर्डवर आकड्यांच्या अख्ख्या रांगेत स्टाईल लावता येतात. माझं सांगायचं तर १ वर लेजंडरी स्ट्राइक, २ वर पॅरालायझिंग पाम. शेजारी शेजारी. कॉम्बो म्हणजे २, माउसचं उजवं बटण (पॉवर अटॅक), १, परत उजवं बटण. मधल्या बोटाने दोन, अनामिकेने एक, अंगठा स्पेसबारवर ब्लॉकसाठी तयार. डब्ल्यू (पुढे चालायचं बटण) फक्त त्या क्षणापुरता सुटतो, आणि शत्रू खिळलेला असताना पळायचं कुठे असतं?

पॅडवर हेच करताना चालवायच्या काडीवरचा अंगठा उचलून डी-पॅडवर न्यावा लागतो. तेवढ्यात मार बसतो.

सोफासम्राट

चार जागा ही अडचण नाही, तीच मजा आहे. चार म्हटल्यावर विचार करून निवडावं लागतं. दहा स्टाईल रांगेत लावल्या की माणूस सगळ्या थोड्या थोड्या वाढवतो आणि एकही धड होत नाही. शिवाय माउसने कॅमेरा आणि फटके दोन्ही सांभाळताना माझा उजवा हात वैतागतो. पॅडवर अंगठ्याखाली साधा फटका, शेजारी पॉवर, दोन्हीवर आडवा अंगठा टाकला की गोल फटका. मार्शल आर्टचा गेम माउसने खेळणाऱ्यांनी नियंत्रणावर व्याख्यान देऊ नये. (ह.घ्या.)

वीतभर_वायर

आडवा अंगठा टाकून तुमचा किती वेळा नुसताच पॉवर अटॅक निघालाय ते प्रामाणिकपणे लिहा, मग हलकं घेतो.

लोकलमधला

२०१६ ला हा आयफोनवर आला, मी त्यावर खेळतो. कर्जत लोकलमध्ये. उभ्याने. काचेवर बटण हाताला लागत नाही, अंगठा कुठे आहे हे बघायला नजर खाली जाते आणि तोवर फटका बसतो. गदाधरराव, मी वेळ मंद करतो कारण मला खरंच वेळ लागतो. गेमने ते बटण कोणासाठी ठेवलंय असं तुम्हाला वाटतं?

गदाधर_पीसीवाला

@लोकलमधला, तुम्हाला सूट. नियम खुर्चीत बसणाऱ्यांना.

तालमीतला_एक

हे सूट देणारे तुम्ही कोण? 😄

कुस्तीत एखाद्याचा ढाक डाव पक्का बसला असेल तर तो ढाकच टाकणार. त्याला कोणी म्हणत नाही, बाबा रे, जरा वेगळं काही कर, मजा येत नाही. तोड काढायची ती समोरच्याने. आता जेड एम्पायरकडे बघा. फोकसला तोड काय? वेळ मंद असताना उलटून येणारा एकही शत्रू मला तरी भेटलेला नाही. कोलांटीला तोड? पाठीमागे उतरलेल्याला धरणारे नाहीतच जवळजवळ. स्टॉर्म ड्रॅगन स्टाईलचा झटका बसला की समोरचा थरथरत उभा राहतो आणि वर त्याची हेल्थही गळत राहते. जेड गोलेमचं, म्हणजे चालत्या दगडी पुतळ्याचं रूप घेतलं तर ब्लॉकसुद्धा करायला नको, नुसतं चालत जाऊन हाणायचं. बनवणाऱ्यांनी डाव भरपूर दिले आणि तोडी लिहायला विसरले. आणि तुम्ही तो भार खेळाडूच्या शिरावर टाकताय.

अवांतर: त्यातल्या त्यात तोड आहे ती 'लागूच होत नाही' या प्रकारची. भुताला शस्त्र नाही, गोलेमवर जादू नाही. याने स्टाईल बदलायला लागते खरी, पण ते दाराला कुलूप लावण्यासारखं झालं, लढणं नव्हे.

आमसुली

+१. शेवटच्या परिच्छेदाला तर +१०.

हिशेबनीस

चर्चा फोकस विरुद्ध बाहुबळ अशी चाललीय. खरा पैसा ची आहे हो. जखम भरायची तर ची. फटक्यात जोर भरायचा तर ची. डायर फ्लेम, आइस शार्ड, टेंपेस्ट या जादू फेकायच्या तर ची. तालमीतल्यांचा लाडका गोलेम अंगात आणायचा तर दर क्षणाला ची गळत राहते, आणि आटली की तुम्ही परत हाडामांसाचे, तेही नेमके घोळक्याच्या मधोमध.

म्हणून पॉइंट स्पिरिटला, आणि सपोर्टमध्ये स्पिरिट थीफ. ती शत्रूची ची ओढून आपल्याला देते. एकाला शोषायचं, दुसऱ्याला जाळायचं, तिसऱ्याकडून परत भरून घ्यायचं. डॉन स्टारला सोबत घेऊन लढायला न लावता ध्यानाला बसवलं की ती मागून ची पुरवते. अशाने ग्रँड मास्टरवर वेळ मंद करायची गरज पडत नाही आणि कोलांट्याही नकोत. शिवाय संवादातली मन वळवायची कौशल्यं याच तीन गुणांच्या जोड्यांतून येतात, त्यामुळे एकाच गुणात सगळं ओतलं की गप्पांमध्ये मार खाता तो वेगळाच.

रात्रपाळी

म्हणजे फोकसचं स्पॅम वाईट आणि चीचं स्पॅम हिशेब. बरं.

सोफासम्राट

इतकं गंभीर चाललंय, तर दोन गोष्टी कोणीच बोललं नाही म्हणून नोंदवतो. एक, हेनपेक्ड हौ सोबत असला की तो लढाईत दारूचे बुधले फेकतो आणि आपण झिंगलेल्या स्टाईलने लढतो. दोन, राजधानीत एक बाहेरून आलेला साहेब आहे, सर रॉडरिक, आवाज जॉन क्लीझचा. त्याला वादात आणि मग हाणामारीत हरवलं की त्याची बंदूक मिळते, नाव मिराबेल. मार्शल आर्टच्या गेममध्ये बंदूक! गदाधररावांच्या शुद्धतेचं यापुढे काय करायचं?

गदाधर_पीसीवाला

मी मिराबेल कधी वापरली नाही. पेटीत आहे.

तळटीप_पाटील

पुढे गेमचा शेवट फुटतो. खेळायचा असेल तर हा प्रतिसाद वगळा.

गदाधरांच्या बाजूने एक मुद्दा, जो त्यांनी स्वतः मांडला नाही याचं नवल वाटतं. कथेचा कणाच हा आहे की मास्टर लीने आपल्याला शिकवतानाच त्या शिकवणीत एक खोट ठेवली. बघणाऱ्याला वाटावं की मुद्दाम दिलेली हुलकावणी आहे, प्रत्यक्षात भगदाड. सम्राट हरल्यावर ली त्याच भगदाडातून हात घालून आपल्याला मारतो. एका ठरलेल्या पद्धतीवर विसंबलात तर ज्याला ती ठाऊक आहे तो तुम्हाला संपवणार, हे गेम ओरडून सांगतो. अशा गेमात एकच युक्ती धरून शेवटापर्यंत जाणं म्हणजे कथा ऐकली पण कानाआड केली.

तालमीतला_एक

कथेत सांगतो ना, मारामारीत कुठे सांगतो? लीशी शेवटच्या लढाईत मी तीच तलवार आणि तीच मंद वेळ वापरली. त्याला माझी खोट तोंडपाठ असायला हवी होती. मेला मुकाट्याने. तुमचा मुद्दा गदाधरांच्या नव्हे, माझ्या बाजूचा आहे.

लोकलमधला

मी अजून टिएन्स लँडिंग गावातच आहे. इशारा जाड अक्षरात होता हे खरं, पण मोबाईलवर बोट सरकवताना डोळा पुढच्याच ओळीवर पडतो. धन्यवाद पाटीलसाहेब.

तळटीप_पाटील

वीस वर्षं झाली हो गेमला.

लोकलमधला

मला दोन आठवडे झाले.

नवा_भिडू

नमस्कार, काल गेम उतरवला. धागा पूर्ण वाचला (एक प्रतिसाद सोडून). अजून टू रिव्हर्समध्येच आहे, लेव्हल वाढली आहे, पॉइंट वाटायचा पडदा समोर उघडा आहे. कुठे टाकू?

गदाधर_पीसीवाला

बॉडी. आणि पहिल्या मार्शल स्टाईलच्या वेगावर. टू रिव्हर्स संपेपर्यंत फोकस मोड लावू नका, तिथले शत्रू सावकाश असतात, ब्लॉक ओळखायला तिथेच शिकाल.

हिशेबनीस

स्पिरिट.

रात्रपाळी

माइंड. आणि आमसुलींचं ऐकून थोडे सपोर्ट स्टाईलवर. आत्ताच करून आलो, फुटतात खरे. पण मी वेळ मंद करूनच फोडले.