लांब इंग्रजी शब्द तोडून, जोरासकट शिकवावेत का?

खानापूरचा मास्तर:
मराठी माध्यमाच्या दहावीला इंग्रजी शिकवतो. काल ‘एक्झॅमिनेशन’ शब्द आला तशी एका मुलीनं वाचायचं थांबवून मान खाली घातली. मी शब्द फळ्यावर तोडला: इग्-झॅ-मि-ने-शन. ‘ने’ आला की बाकावर थाप. तिसऱ्या खेपेला सगळा वर्ग एका दमात म्हणाला. शेवटी ‘शन’ असला की जोर त्याच्या अलीकडच्या तुकड्यावर. एज्युकेशन, कम्युनिकेशन, सगळीकडे तेच. हे आठवीपासूनच शिकवायला हवं.

टिळकवाडीहून:
मला पटत नाही. घरी मराठी, गल्लीत कन्नड, वर हिंदी आणि इंग्रजी. किती लादायचं पोरांवर? ‘हॉटेल’ म्हणताना इंग्रज ‘टेल’वर जोर देतात, आपण देत नाही. तरी कळतंच की!

खानापूरचा मास्तर:
‘हॉटेल’ला अडत नाही, खरं ऐकताना अडतं. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, ‘फोटोग्राफर’मध्ये ‘टॉ’वर, ‘फोटोग्राफिक’मध्ये ‘ग्रॅ’वर. जोर सरकला की मागचा स्वर पुसट होतो, ‘फोटोग्राफर’मध्ये ‘फो’चा नुसता ‘फ’ राहतो. छापील अक्षरं पाठ केलेल्या पोराला तो शब्द ओळखूच येत नाही.

वडगावची आई:
अगदी खरं. नोकरीच्या परीक्षेत लेकीला ध्वनिफीत ऐकून लिहायचं होतं. ती ‘कम्फर्टेबल’चे चार तुकडे ऐकू येतील म्हणून थांबली, बोलणारा ‘कम्फ्-ट-बल’ म्हणून पुढे गेला. रोजच्या वापरातला शब्द, आणि जागा कोरी राहिली. घरी येऊन रडली ती.

निपाणीकर:
ताई, वाईट वाटलं. तरीही नियम पाठ करून घेण्याला माझा विरोधच. ‘इक’च्या अलीकडे जोर म्हणावा, तर ‘अरिथमेटिक’ आणि ‘कॅथलिक’ नियम मोडतात. ‘रेकॉर्ड’ नाम असताना जोर पहिल्या तुकड्यावर, क्रियापद असताना दुसऱ्यावर. नियम आठवत बसलेलं पोर तोंडच उघडत नाही. आधी भरपूर ऐकवा. गाईडमध्ये देवनागरीत छापलेले सपाट उच्चार तेवढे बंद करा.

खानापूरचा मास्तर:
गाईडबद्दल शंभर टक्के मान्य. पण आपली पोरं लघु-गुरू लावून गण पाडतात, शब्द तोडणं त्यांना नवं नाही.

निपाणीकर:
तिथंच घोटाळा होईल, सर. गुरू म्हणजे उच्चाराला लागणारा वेळ, इंग्रजीतला जोर वेगळा. प्रत्येक दीर्घ अक्षरावर थाप पडायला लागेल.

खानापूरचा मास्तर:
हा धोका माझ्या ध्यानात आला नव्हता. सोमवारी आधी ‘फोटोग्राफर’ नुसता ऐकवतो, थाप कुठं पडते ते पोरांनाच सांगू दे. खरं तोडणं सोडणार नाही मी.