'मिलिटरी-इंडस्ट्रियल कॉम्प्लेक्स'ला मराठीत काय म्हणावं?

अनुजा: अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या १७ जानेवारी १९६१च्या निरोपाच्या भाषणाचं भाषांतर करतेय आणि या एका शब्दापाशी तीन दिवस अडलेय. 'लष्करी-औद्योगिक संकुल' लिहिलं की मला क्रीडासंकुल दिसतं, कुंपण-फाटकासकट. त्यांना जागा म्हणायची नव्हती. सैन्य आणि शस्त्रं बनवणारे उद्योग एकमेकांत गुंतून जी ताकद होते, ती म्हणायची होती.

दत्ता_भुसावळ: साटंलोटं! एकमेकांच्या घरात मुली दिल्या-घेतल्या की कोण कोणाविरुद्ध बोलणार? अस्सल मराठी शब्द असताना संस्कृतच्या दारात कशाला जायचं?

श्रीधरकाका: दत्ता, शब्द झणझणीत आहे, पण अर्थ बिघडतो. ही लष्करी तयारी गरजेचीच होती, असं आयझेनहॉवर त्याच भाषणात म्हणतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दुसऱ्या महायुद्धापर्यंत अमेरिकेत कायमचा शस्त्रोद्योग नव्हता. नांगर घडवणारेच वेळ पडली की तलवारी घडवत. १९६१ साली ३५ लाख माणसं थेट संरक्षणाच्या कामात होती. हा प्रभाव कुणी मिळवू पाहिलेला असो वा आपसूक आलेला, त्याला आवर घाला, असं ते सांगतात. साट्यालोट्यात हेतू असतो. इथे हेतू नसतानाही धोका आहे. आणि संकुल मूळचं इमारतींचं नव्हेच! संस्कृतात त्याचा अर्थ दाटी, सरमिसळ. महाभारतात 'संकुल युद्ध' येतं. बिल्डरांनी वापरला म्हणून आपण शब्द सोडायचा?

अनुजा: काका, पटतंय, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर इमारतच येणार ना.

रेवती_सनीव्हेल: आम्ही १९७० साली इथे, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला आलो. गल्लीतली निम्मी घरं क्षेपणास्त्रांच्या नाहीतर विमानांच्या कामावर चालायची. कंत्राट संपलं की घरांवर विक्रीच्या पाट्या लागत, मुलं शाळा बदलत. त्यांच्या दृष्टीने ते साटंलोटं नव्हतं, पोटापाणी होतं. म्हणूनच खासदाराला कंत्राट थांबवणं जड जाई. मी 'लष्कर-उद्योगांचा गुंता' म्हणेन.

दत्ता_भुसावळ: ताई, गुंता सोडवता येतो. हा कुठे सुटला?

निखिल_गणित: न्यूनगंडातला 'गंड' म्हणजेही कॉम्प्लेक्स, आणि आमच्याकडे 'संमिश्र' संख्या. एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द हवा, हा हट्ट का? अनुजा, पुढच्या वाक्यांचं काय केलंस? एकेका जुन्या फळ्याच्या जागी आता शेकडो इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर आलेत, असं ते म्हणतात. तिथे 'संगणक' घालू नकोस, १९६१चा वास जातो.

श्रीधरकाका: मग काय, रोमन लिपीत छापायचं? संगणक उत्तम शब्द आहे.

रेवती_सनीव्हेल: पण त्याआधी इथे 'कॉम्प्युटर' म्हणजे हिशेब करणारी माणसं. व्हर्जिनियात लँगलीच्या विमान प्रयोगशाळेत आकडेमोड करणाऱ्या बायकांचं पदनामच ते होतं.

श्रीधरकाका: मग 'गणक' घ्या! संस्कृतात गणक हा माणूसच, हिशेब मांडणारा.

दत्ता_भुसावळ: आमच्याकडे गणक म्हटलं की जनगणनेवाला दारात उभा राहतो, काका.